पुस्तक कोणाचं होतं? जुन्या हिब्रू प्रार्थनापुस्तकांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात इटलीतल्या सोन्चिनो घराण्याच्या हिब्रू छापखान्यावर लेख आला होता. त्यावर आलेली बरीचशी पत्रं छपाईपेक्षा पुस्तकांच्या मालकांबद्दल विचारणारी आहेत. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. तीन शब्द पुन:पुन्हा येतील, ते आधीच सांगतो: सिद्दूर म्हणजे रोजच्या आणि शब्बाथच्या (शनिवारच्या पवित्र दिवसाच्या) प्रार्थनांचं पुस्तक, महझोर म्हणजे सणावारांच्या प्रार्थनांचं, आणि हग्गादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरी वाचायची पोथी.

प्रश्न (पुणे): तालमूद या ज्यू धर्मशास्त्रासारखा अवाढव्य ग्रंथ अनेक ग्रंथालयांत आहे. मग घरोघरी असणारं साधं प्रार्थनेचं पुस्तक दुर्मीळ कसं?

घरोघरी होतं म्हणूनच. आपल्याकडे जुन्या शिळाछाप हरिपाठाची धड प्रत शोधून पाहा, म्हणजे कारण कळेल. जे पुस्तक रोज हातात असतं ते झिजून संपतं, आणि जे कपाटात राहतं ते टिकतं. व्हेनिसच्या डॅनियल बाँबर्गने १५२० ते १५२३ या काळात तालमूदचा पहिला संपूर्ण संच छापला. त्यातला एक संच लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत कित्येक पिढ्या न वाचता पडून होता, आणि म्हणूनच कोरा करकरीत राहिला. डिसेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो ९३ लाख डॉलरना गेला. सिद्दूरच्या नशिबी असं पडून राहणं कुठलं!

झीज झाली की दुसरं कारण पुढे येतं. ईश्वराचं नाव असलेला कागद ज्यू लोक जाळत किंवा फेकत नाहीत. फाटकी पुस्तकं सिनेगॉगमधल्या (ज्यू प्रार्थनामंदिरातल्या) एका खोलीत किंवा कोनाड्यात साठवतात आणि पुढे दफनभूमीत पुरतात. या साठ्याला गेनिझा म्हणतात. म्हणजे जीर्ण प्रार्थनापुस्तकाची रीतसर अंत्यक्रियाच होते. तिसरं कारण जप्तीचं. ९ सप्टेंबर १५५३ रोजी, ज्यूंच्या नववर्षाच्या दिवशी, रोमच्या काम्पो दे फियोरी चौकात तालमूदच्या प्रती जाळल्या गेल्या. रोख तालमूदवर होता, पण झडतीला आलेला शिपाई हिब्रू वाचणारा नसे. हाती लागलेली दुसरी पुस्तकंही त्यात गेली.

आकाराचाही भाग आहे. सोन्चिनोंनी पहिला महझोर रोमन ज्यूंच्या रीतीचा छापला. काम १४८५ मध्ये सोन्चिनो गावी सुरू झालं आणि ऑगस्ट १४८६ मध्ये कासालमाज्जोरे इथे पूर्ण झालं. दोन मोठे खंड, किंमत भारी, त्यामुळे ते श्रीमंताच्या घरी किंवा सिनेगॉगच्या चौरंगावर राहिले, आणि त्याच्या प्रती आज दिसतात. त्याच १४८६ साली त्यांनीच एक छोटा सिद्दूर काढला. तो खिशात, पिशवीत, उशाशी राहिला आणि तसाच संपला. चर्मपत्रावर छापलेल्या प्रती जास्त टिकल्या. बोलोन्यात १५३७ मध्ये छापलेल्या सिद्दूरच्या अशा काही प्रती आहेत. पण चर्मपत्र परवडणारा माणूस मुळात पुस्तक जपूनच वापरत असणार, हेही धरायला हवं.

प्रश्न (नाशिक): युरोपातल्या नातेवाइकांकडून एक हिब्रू प्रार्थनापुस्तक आलं आहे. मुखपृष्ठ नाही, पुढची काही पानं गेलेली. कुठे आणि कधी छापलं हे कसं ओळखायचं? आम्हाला हिब्रू येत नाही, अक्षरं मात्र ओळखता येतात.

अक्षरं ओळखता येतात ना? मग अर्धं काम झालं.

पुस्तकाचा कणा उजव्या हाताला येईल असं धरा. मराठी पुस्तक जिथे सुरू होतं तिथे हे संपतं. आधी ते शेवटचं पान पाहा. १५०० च्या आधीच्या हिब्रू पुस्तकांना मुखपृष्ठ, म्हणजे नाव-गाव छापलेलं पहिलं पान, बहुधा नसेच. आपल्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते, तशी छापणाऱ्याची नोंद शेवटी असे: गाव, छापणारा, महिना, साल. मुखपृष्ठ गेलं म्हणून निराश व्हायचं कारण नाही, कदाचित ते कधी नव्हतंच.

साल अक्षरांत असतं. आलेफ ते तेत म्हणजे १ ते ९, योद ते त्सादी म्हणजे १० ते ९०, कोफ १००, रेश २००, शीन ३००, ताव ४००. ५०० पासून पुढे तावला दुसरी अक्षरं जोडतात. बेरीज करायची. हजारांचा आकडा बहुतेक वेळा लिहितच नाहीत. ५००० गृहीत धरायचे. आलेल्या बेरजेत १२४० मिळवले की इसवी सन मिळतो. कासालमाज्जोरेचा महझोर ५२४६ च्या एलूल महिन्यातला: २४६ अधिक १२४०, म्हणजे १४८६.

इथे एक खड्डा आहे, आणि शक इसवी सनात बदलताना आपण सगळेच कधी ना कधी ज्यात पडलो आहोत तोच. शकात ७८ मिळवतो, पण जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतं, म्हणून तिश्री या पहिल्या महिन्यापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या तारखेला १२४० नव्हे, १२३९ मिळवायचे. प्रागची प्रसिद्ध चित्रमय हग्गादा पाहा. साल रेश-पे-झायन, म्हणजे २८७. १२४० मिळवले तर १५२७ येतं. पण तारीख आहे २६ तेवेत, रविवार. तो दिवस ३० डिसेंबर १५२६ होता. तेवेत महिना डिसेंबर-जानेवारीत पसरतो, तेव्हा त्या महिन्यात विशेष सांभाळा. पुस्तकात नुसतं साल असेल तर १५२६-२७ असं जोडसाल लिहावं; एकच साल ठोकून देणं चूक.

दुसरा खड्डा अक्षरांचा. दालेत आणि रेश दिसायला जवळजवळ सारखे, पण एक ४ आणि दुसरा २००. बेत-काफ (२ आणि २०) आणि हे-खेत (५ आणि ८) यांचंही तसंच. झिजलेल्या खिळ्याचं दालेत रेशसारखं दिसू शकतं. पुस्तकातलीच त्या अक्षराची दहा चांगली उदाहरणं शेजारी ठेवून ताडून पाहा.

कधी साल सरळ न देता बायबलमधलं एखादं वचन देतात, आणि त्यातल्या काहीच अक्षरांवर टिंब असतं किंवा ती मोठ्या आकारात असतात. तेवढ्याच अक्षरांची बेरीज करायची. आपल्या भूतसंख्येसारखाच हा विद्वत्तेचा खेळ, आणि छापताना टिंब उमटलं नाही की साल शंभर वर्षांनी सरकतं.

तिसरा खड्डा निव्वळ बदमाशीचा. १७व्या-१८व्या शतकात ॲम्स्टरडॅमच्या हिब्रू छपाईला फार मान होता. म्हणून जर्मन भाषिक मुलखातले छोटे छापखाने मुखपृष्ठावर 'च्या अक्षरांनी' हे शब्द मुंगीएवढे आणि 'ॲम्स्टरडॅम' हत्तीएवढं छापत. अर्थ एवढाच की अक्षरांचं वळण ॲम्स्टरडॅमचं. छापखान्याचं खरं गाव खाली बारीक अक्षरांत असतं. मोठ्या अक्षरातलं गाव वाचून थांबू नका.

पुष्पिकाही गेली असेल तर मजकुरावर या. सकाळच्या प्रार्थनेत 'बारुख शेआमार' हा भाग आधी आणि 'होदू' नंतर आला तर रीत अश्केनाझी, म्हणजे जर्मनी-पोलंडकडची. 'होदू' आधी आला तर बहुधा सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनची. प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या संध्याकाळची 'कोल निद्रे' ही घोषणा अरामीऐवजी हिब्रूत, 'कोल नेदारीम' अशी सुरू झाली तर पुस्तक रोमन किंवा ग्रीक ज्यूंच्या रीतीचं असू शकतं. रीत कळली म्हणून गाव कळलं असं मात्र नाही. बाँबर्गने १५२७ मध्ये व्हेनिसला बसून सीरियातल्या हलब शहराच्या रीतीचा महझोर छापला. पुढे हलबने सेफार्दी रीत पत्करली, आणि ती जुनी रीत आज मुख्यत: त्या छापील महझोरमुळेच आपल्याला कळते.

शेवटी कागद. पान दिव्यासमोर धरा. हातकागदात साधारण अडीच-तीन सेंटिमीटर अंतरावर समांतर रेघा दिसतात, आणि कुठेतरी जलचिन्ह. रेघा उभ्या आणि जलचिन्ह पानाच्या मध्यभागी असेल तर ताव एकदाच दुमडलेला, म्हणजे पुस्तक मोठ्या आकाराचं. रेघा आडव्या आणि चिन्ह कण्याच्या मध्यावर दुमडीत गेलेलं असेल तर ताव दोनदा दुमडलेला. रेघा पुन्हा उभ्या आणि चिन्ह कण्याजवळ वरच्या टोकाला असेल तर तीनदा. जुने सिद्दूर बरेचदा या तिसऱ्या प्रकारातले असतात. रेघाच नाहीत, कागद एकसारखा गुळगुळीत आहे, आणि कोणी १५४० चं म्हणून सांगत असेल, तर नमस्कार करून परत द्या. तसा कागद १८व्या शतकाच्या उत्तरार्धाआधी पुस्तकांना वापरलाच जात नसे.

प्रश्न (सांगली): एका सोळाव्या शतकातल्या इटालियन महझोरची छायाचित्रं पाहिली. मधल्या ओळी काळ्या शाईने खोडलेल्या, आणि शेवटच्या पानावर लॅटिन लिपीत सही. हा कोणी मालक होता का?

नाही. तो चर्चचा माणूस, पुस्तक तपासणारा. १५५३ नंतर इटलीत ज्यूंना आपली पुस्तकं चर्चच्या तपासनिसाकडे न्यावी लागत आणि तपासणीचा खर्चही स्वत:च सोसावा लागे. तपासनीस आक्षेपार्ह ओळी खोडी आणि शेवटच्या पानावर सही व साल घाली. ती सही म्हणजे त्या पुस्तकाचा परवाना. यातले बरेचजण धर्मांतर केलेले ज्यू होते, कारण हिब्रू वाचणारा दुसरा कोण मिळणार? दोमेनिको इरोसोलिमितानो हा त्यातला सर्वांत कामसू. नावातच जेरुसलेम आहे, जन्म तिथलाच. १५९० च्या दशकात त्याने मांतुआत पुस्तकांच्या राशी तपासल्या, आणि कुठल्या पुस्तकातलं काय खोडायचं याची हस्तलिखित यादी १५९६ मध्ये करायला घेतली. जोव्हान्नी दोमेनिको कार्रेत्तो (१६१७-१८) आणि रेनातो दा मोदेना (१६२६) यांच्या सह्याही सापडतात. साराजेव्होच्या जगप्रसिद्ध हस्तलिखित हग्गादेवर व्हिस्तोरिनी नावाच्या तपासनिसाची १६०९ ची सही आहे.

म्हणजे सही मालकाची नसली तरी तिचा उपयोग मोठा. सही १६२६ ची असेल तर त्या साली ते पुस्तक इटलीत होतं हे पक्कं. एकाच पुस्तकावर तीन-तीन सह्या असतात, कारण नवा तपासनीस आला की पुन्हा तपासणी आणि पुन्हा पैसे.

प्रार्थनापुस्तकात हमखास खोडलेली जागा म्हणजे 'आलेनू' प्रार्थनेतली, इतर लोक 'पोकळ आणि रिकाम्या'ला नमन करतात अशा अर्थाची ओळ. तिथल्या 'वारीक' शब्दाच्या अक्षरांची बेरीज ३१६ येते, आणि हिब्रूत येशूच्या नावाचीही ३१६. आरोप त्यावरून. पुढे बऱ्याच छापखान्यांनी ती ओळ गाळली किंवा तिथे कोरी जागा सोडली. प्रशियात तर १७०३ मध्ये राजाज्ञा काढून ती म्हणायलाच बंदी केली. तुमच्या पुस्तकात ती ओळ छापलेली आहे, गाळलेली आहे, की खोडून पुन्हा हाताने समासात लिहिलेली आहे, हे जरूर नोंदवा. शेवटचा प्रकार असेल तर ते काम मालकाचं.

एक गंमत शाईची. छपाईची शाई काजळी आणि तेलाची, ती काळीच राहते. तपासनिसाची शाई मायफळ आणि हिराकसाची. ती काळाबरोबर तपकिरी होऊन विटते. म्हणून चारशे वर्षांनी खोडलेली ओळ खालून पुन्हा वाचता येऊ लागते. पण जिथे त्याने शाई ओतलीच असेल तिथे ती कागद खाते आणि ओळीच्या आकाराची खिडकी पडते. अशा पानाला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका, ओलीने ही शाई पसरते आणि जोमाने कागद जाळते.

प्रश्न (मुलुंड): मालकांची नावं कुठे शोधायची, आणि वाचायची कशी?

पुठ्ठ्याच्या आतली बाजू, सुरुवातीची आणि शेवटची कोरी पानं, मुखपृष्ठाच्या चारही कडा. मुखपृष्ठावर कलाकुसरीची चौकट असेल तर तिच्या मधल्या पांढऱ्या जागेतही. नोंदीची सुरुवात बरेचदा ठरलेली असते: 'पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं परमेश्वराचं आहे'. आणि लगेच पुढे, 'तरीही हे पुस्तक माझं'. दुसरा लाडका मासला असा: 'माणसाने आपल्या पुस्तकावर नेहमी नाव लिहावं, नाहीतर बाजारातून कोणी येईल आणि म्हणेल हे माझं.' म्हणजे पहिल्या दोन ओळी वाचता आल्या नाहीत तरी बिघडत नाही, खरं नाव त्यांच्या पुढे असतं.

नावाआधी एकटं रेश अक्षर आणि वर तिरकी खूण दिसली की लोक 'रब्बी' वाचतात आणि मालकाला धर्मगुरू करून टाकतात. ते आपल्या 'रा. रा.' सारखं आहे. जुन्या पत्रावरच्या रा. रा. वरून कोणी राजदरबार शोधायला जात नाही. मेम-रेश-ताव हे बाईच्या नावाआधी येतं, आपलं 'श्रीमती'. ते दिसलं तर विशेष लक्ष द्या, कारण प्रार्थनापुस्तकांच्या मालकिणी तालमूदच्या मालकिणींपेक्षा खूप जास्त. पुस्तक लग्नात दिलेलं असे.

नावानंतरची अक्षरं जास्त कामाची. काफ-त्सादी म्हणजे कोहेन, याजक कुळातला. सामेख-गिमेल-लामेद म्हणजे लेवी. वडिलांच्या नावापुढे झायन-लामेद असेल तर लिहिताना वडील हयात नव्हते. सामेख-तेत सेफार्दी घराण्यांत येतं. एवढ्या तीन-चार जोडाक्षरांवरून एकाच नावाचे दोन माणसं वेगळी काढता येतात.

गावाचं नाव आलं तर जपून. आपल्याकडचा सातारकर पुण्यात राहतो, तसंच तिथेही. 'मोदेना' आडनावाचा लिओने मोदेना (१५७१-१६४८) व्हेनिसचा रब्बी होता.

आणि सगळ्यांत बोलकी नोंद वाटणीची: 'भावांबरोबर वाटणी झाली तेव्हा हे माझ्या वाट्याला आलं.' इथे एका ओळीत बहुधा वडिलांचा मृत्यू, भाऊ असल्याचं आणि पुस्तकाला मोल असल्याचं कळतं, कारण ज्याला मोल नाही त्याची वाटणी होत नाही. कोऱ्या पानांवर मुलांचे जन्म, सुंता, मृत्यूच्या तिथी असतात. यातल्या तिथ्या वर सांगितलेल्या रीतीनेच बदलायच्या.

नाव नसलेल्या मालकाच्याही खुणा असतात. हग्गादेत दारूचे डाग. प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या महझोरात मेणाचे थेंब, आणि ते ठरावीक पानांवरच, कारण रात्रीच्या प्रार्थना मेणबत्तीच्या उजेडात चालत. कोणत्या पानाचा खालचा कोपरा अंगठ्याने काळा झाला आहे ते पाहा: ती प्रार्थना त्या घरात सर्वांत जास्त म्हटली गेली. पुस्तक विकायला काढणारे हे डाग धुऊन टाकतात. आमच्या मते हा गुन्हाच, कायद्यात नसला तरी. ज्या पुस्तकाच्या इतर प्रती चार ग्रंथालयांत आहेत त्याचा मजकूर तिथेही वाचता येतो. हा अंगठा फक्त या प्रतीत आहे.

प्रश्न (अलिबाग): आमच्या बेने इस्राएल (कोकणातल्या ज्यू) शेजाऱ्यांच्या पेटीत हिब्रू पुस्तक आहे. त्यांना वाटतं ते पूर्वज बरोबर घेऊन आले, म्हणजे फार प्राचीन. मागे मोडीत काहीतरी लिहिलं आहे.

कोकणातल्या पेटीतलं छापील हिब्रू पुस्तक बहुतेक वेळा १९व्या शतकातलं निघतं. इटलीतलं लिव्होर्नो आणि व्हिएन्ना इथून सेफार्दी रीतीची प्रार्थनापुस्तकं मुंबईला यायची, आणि मुंबईतही हिब्रू छपाई होत होती. त्याआधीची म्हणावीत तर १८व्या शतकात ॲम्स्टरडॅमला कोचीनच्या ज्यूंसाठी छापलेली पुस्तकं, पण ती कोकणात मिळणं अवघड. तेव्हा १५व्या-१६व्या शतकाची आशा धरू नका.

पण म्हणून ते सामान्य नव्हे. मुंबईत १८४६ मध्ये हिब्रू आणि मराठी अशी शिळाछापाची हग्गादा निघाली. पुण्यात १८७४ मध्ये निघालेल्या सचित्र मराठी हग्गादेत लुगडं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. अशी प्रत सोन्चिनोइतकीच जपण्याजोगी. शिळाछाप ओळखायची खूण सोपी: पानाच्या पाठीवरून बोट फिरवा. खिळ्यांच्या छपाईत अक्षरांचा दाब पाठीला लागतो. शिळाछापात पाठ सपाट, आणि अक्षरं हाताने लिहिल्यासारखी, कारण ती खरोखरच हाताने लिहिलेली असतात.

मोडीतला मजकूर आधी वाचून घ्या, पुस्तकाआधी तोच. त्यात शक, गाव, आडनाव मिळेल. बेने इस्राएलांची -कर आडनावं बहुतेक रायगडातल्या गावांवरून आली आहेत, त्यामुळे नुसत्या आडनावावरून शोधाची दिशा मिळते. मात्र एकाच माणसाची दोन नावं असतात हे विसरू नका. १७९६ मध्ये मुंबईचं पहिलं सिनेगॉग बांधणारा शमुएल येहेज्केल दिवेकर मराठीत सामाजी हसाजी दिवेकर होता. हिब्रू पानावर शमुएल आणि मोडीत सामाजी दिसला तर दोन मालक मोजू नका.

हे पुस्तक इस्राएलला नातेवाइकांकडे पाठवायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला लेखी विचारा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांहून जुन्या वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं व दस्तऐवज येतात, आणि त्या खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक मराठी वाचक): लिलावात १६व्या शतकातला महझोर घेण्याचा विचार आहे. फसवणूक आणि चोरीचा माल, दोन्हीपासून कसं वाचायचं?

फसवणुकीचं आधी. अपुरी प्रत दुसऱ्या अपुऱ्या प्रतीची पानं घालून 'पूर्ण' करतात. त्यासाठी कसरीची भोकं पाहा. कीड सरळ आरपार जाते. पान ४० ला भोक, ४१ ला नाही, ४२ ला पुन्हा त्याच जागी, म्हणजे ४१ उपरं. समासांची उंची मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक आणि कागदाचा वेगळा रंग एकत्र आले तर शंका घ्या. पहिलं आणि शेवटचं पान सर्वांत आधी तपासा, कारण तीच झिजतात आणि तीच नकली घालतात. नकली पानाला दाब नसतो. प्रत्येक पानाखाली कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असेल तर तो जुळतो का पाहत जा. हिब्रू न वाचताही आकार जुळवता येतो. इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने अनेक दुर्मीळ छापील पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. त्यांच्या प्रतीशी पानामागून पान ताडा.

आता चोरी. हिब्रू पुस्तकांच्या बाबतीत १९३३ ते १९४५ ही वर्षं रिकामी दिसली की थांबायचं. रोमच्या ज्यू समाजाचं ग्रंथालय नाझींनी ऑक्टोबर आणि डिसेंबर १९४३ मध्ये रेल्वेच्या डब्यांत भरून नेलं. त्यात सोन्चिनो आणि बाँबर्गची पुस्तकं होती. समाजाचा तो संग्रह अजून सापडलेला नाही. युद्धानंतर अमेरिकनांनी फ्रँकफुर्टजवळ ओफेनबाखला १९४६ मध्ये डेपो उघडून लाखो लुटलेली पुस्तकं मालकांच्या देशांना परत पाठवली. तिथे शिक्क्यांची छायाचित्रं काढून त्यांचे अल्बम केले होते, ते आजही शिक्का ओळखायला उपयोगी पडतात. ज्यांचे वारसच उरले नव्हते अशी सुमारे पाच लाख पुस्तकं ज्यू संस्थांना वाटली गेली. त्यांच्या आत तसं छापील चिकटपत्र असतं. ते असेल तर पुस्तकाचा प्रवास उजळ माथ्याने झालेला आहे.

शिक्का खरवडलेला दिसला तर कागदाची लव उभी राहिलेली असते. तिरपा टॉर्च धरला की कळतं. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पुसलेली हिराकशी शाई बहुधा गडद दिसते आणि नाव वाचता येतं. दिवा काही सेकंदच. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर त्यावर रद्दचा किंवा जादा प्रत म्हणून विकल्याचा दुसरा शिक्का आहे का पाहा; नसेल तर त्या ग्रंथालयाला थेट पत्र लिहा. कोलंबिया विद्यापीठाचा 'फूटप्रिंट्स' हा माहितीसाठा नेमका यासाठीच आहे: कुठल्या ज्यू पुस्तकाची कुठली प्रत कधी कोणाकडे होती.

मोठ्या मालकांचे मार्ग पक्के माहीत आहेत, ते लक्षात ठेवले तर थापा ओळखता येतात. प्रागचा रब्बी डेव्हिड ओपनहाइम (१६६४-१७३६) याने प्रागच्या तपासनिसांच्या भीतीने आपला संग्रह हॅनोव्हरला ठेवला होता. काही पुस्तकं तर तो स्वत:साठी निळ्या कागदावर छापून घेई. मेल्यावर संग्रह हॅम्बर्गला पेट्यांत पडून राहिला आणि १८२९ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने ९,००० थालरना (जर्मन चांदीच्या नाण्यांना) उचलला. पार्माच्या दे रोस्सीचा संग्रह १८१६ पासून तिथल्या पालातिना ग्रंथालयात आहे. हिब्रूतलं पहिलं तारीखवार छापील पुस्तक, १४७५ चं, त्याची जगातली एकमेव ज्ञात प्रत तिथेच. हॅम्बर्गच्या मिखाएलची छापील पुस्तकं १८४८ मध्ये ब्रिटिश म्युझियमने घेतली. 'ओपनहाइमच्या संग्रहातलं' म्हणून कोणी आज विकत असेल तर ते ऑक्सफर्डमधून बाहेर कसं पडलं, याचा कागद मागा.

प्रश्न (रत्नागिरी): आमच्याकडे दमटपणा फार. जुनी पुस्तकं कशी ठेवायची? हातमोजे घालावेत का? पोथ्यांसारखं वेखंड चालेल का?

हातमोजे नकोत, बोटांना पानाची कड कळत नाही आणि ती फाटते. हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून पान वरच्या कोपऱ्यातून उलटा. पुस्तक सपाट १८० अंशांत उघडू नका. दोन्ही बाजूंना घडी घातलेले टॉवेल ठेवून १०० अंशांच्या आसपास थांबवा.

वेखंड चालेल, पण पुस्तकाच्या आत नाही. कापडी पुरचुंडीत, पेटीच्या कोपऱ्यात, कागदाला न टेकता. पानांत ठेवलेल्या काड्यांचे तपकिरी डाग जन्मभर राहतात. चिकटपट्टी कधीच नाही: पाचदहा वर्षांत पट्टी गळून पडते आणि डिंक कागदात उतरून पान पारदर्शक होतं. फाटलेलं पान जोडायचं तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, तीही हिराकशी शाई नसलेल्या जागीच. पुठ्ठा सुटला असेल तर जुना फेकून नवी बांधणी करू नका. जुने पुठ्ठे बरेचदा रद्दी कागदांचे थर चिकटवून केलेले असतात, आणि त्या थरांत कधी कधी दुसऱ्याच पुस्तकाची छापील पानं निघतात. सुती कापडाच्या नाडीने बांधा आणि पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका.